चार्जिंग होईपर्यंत

चार्जरवरचा दिवा ज्वारीच्या दाण्याएवढा आहे. बॅटरी भरत असताना तो तांबडा असतो, भरली की हिरवा होतो. मधला रंग त्याला माहीत नाही.

माझ्या सासूबाईंना, तानाबाईंना, मात्र मधलंच बरं वाटतं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन करून घ्या. तेव्हापासून त्यांचं उत्तर एकच, "बघू की."

आता बुधवारच्या यादीत एकच जागा उरली होती आणि हो की नाही ते शनिवारी चारपर्यंत कळवायचं होतं. म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर मी बॅटरीची स्कूटर घेऊन सोलापूरहून निघाले आणि तीनला मोहोळच्या पुढच्या आमच्या गावी पोचले. निघताना शहाऐंशी टक्के, पोचताना एकतीस. परतीला किमान साठ हवेत. सीटखालची बारा किलोची बॅटरी काढून मी ओसरीवर आणली.

"गाडी लई गुणाची हाय," आत्या म्हणाल्या. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. "आवाज न्हाय, वास न्हाय. शेरडं बुजत न्हाईत. पर हिच्यावर आलेली पाव्हणी पाणी मागायचं सोडून लाइटीचा बोर्ड कुटंय इचारती."

"दोन तास लागतील, आत्या. तोवर डोळ्याचं बोलू."

"मला दिसतंय की. तू आत पड जरा. दिवा हिरवा झाला की सांगते."

मला शंका होती. गेल्या वर्षीच्या शिबिरात त्यांनी तक्त्यावरची अक्षरं न अडखळता म्हणून दाखवली होती, पुढे उभ्या असलेल्या शेजारच्या सोजरबाईंची ऐकून. डॉक्टरांनी मध्येच तक्ता बदलला होता, तेवढंच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

चाळीस मिनिटांनी हाक आली. "झाली गं भरून. नीघ आता."

एवढ्या वेळात पंधरा टक्क्यांहून जास्त भर पडणं शक्य नव्हतं. मी बाहेर आले. एक शेळी बॅटरीला पाठ घासत होती.

"दिव्याचा रंग कोणता, आत्या?"

"हिरवागार. शेरडांच्या घासासारखा."

दिवा विझलेला होता. लाइट गेली होती. चार्जरमधला पंखा भरताना घुरघुरतो आणि भरलं की थांबतो, त्या पंख्यावरून त्या अंदाज बांधत होत्या. पद्धत चांगली होती, पण पंखा वीज गेल्यावरही थांबतो.

मी तसं सांगितलं. आत्यांनी शेळीकडे पाहिलं, म्हणजे शेळी होती त्या दिशेला.

"पेट्रोलची गाडी असती तर गेली असतीस."

"हो."

"आता लाइट सहालाच येती."

"मग सहापर्यंत डोळ्याचंच बोलू."

"तुज्या गाडीचा ह्योच लई मोटा तोटा हाय," त्या म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, "ऑपरेशन केलं की शेरडांमागं जायाचं न्हाय म्हनत्यात. कोण बघंल?"

"मल्हार रजा काढून येणार आहेत." मल्हार म्हणजे माझे यजमान, माझ्यासारखेच शिक्षक.

"त्येला शेरडं ढुशी देत्यात."

"त्यांना सवय आहे. शाळेत पोरंही देतात."

आत्या हसल्या नाहीत. "मागल्या आठवड्यात सोजराचं करडू माजं म्हनून आणलं. चार दिस दूध पाजलं. माजं तिकडं वरडत हुतं, अन मीच सोजराला म्हनले, तुजं करडू लई रडकं हाय."

तेवढ्यात माझा फोन वाजला. चारला दहा मिनिटं कमी होती. फोनमध्ये तीन टक्के उरले होते, बाकीचे सकाळपासून शाळेच्या हजेरीने खाल्ले होते. आत्यांचा फोन पाण्याच्या बादलीत पडल्यापासून वाळायला तांदळाच्या डब्यात होता. आत्यांना देते म्हणून मी स्पीकर लावला.

"आजी, दवाखान्यातून अपेक्षा बोलतेय. बुधवारचं नाव पक्कं करू का? नाहीतर पुढच्यांना देते."

"तू कुणाची गं?"

"मी इथं कामाला आहे, आजी."

"त्ये कळलं. गाव कोंचं?"

"बार्शी."

"बार्शीत कुटं? आमचा दीर तितं अडतीवर हुता."

"दोन टक्के, आत्या," मी म्हणाले.

"जेवलीस का गं?"

"जेवले, आजी. करू का नाव पक्कं?"

"एक टक्का."

"एक म्हंजी किती येळ?" आत्यांनी मला विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. शेवटचा टक्का फसवा असतो."

आत्यांनी पदर सारखा केला, फोन समजून माझ्या मनगटाकडे तोंड केलं, आणि लांब गेलेल्या कळपाला हाक घालावी तशा आवाजात सांगितलं, "लिही, बाय. तानाबाई. उजवा डोळा. बुधवारी ऑपरेशन करून घेते."