साक्षीची खुर्ची गोलात आली

मी साधीसुधी खुर्ची नाही, बरं का! चौकशीच्या दालनातली साक्षीची खुर्ची आहे मी. सागवानी, रुंद पाठीची. साक्षीदाराने मला सरकवून मागे हटू नये म्हणून माझे पाय जमिनीला बोल्टने आवळलेले.

भलेभले आले, "आठवत नाही" म्हणाले आणि उठून गेले. मला माणूस बसण्यावरून कळतो. लपवणारा पाठ टेकत नाही, काठावर बसतो.

मग बसच्या अपघाताची चौकशी लागली. प्रवासी जायबंदी झाले, ड्रायव्हर जागीच गेला. मेलेला काय बोलणार? "झोप लागली असेल," म्हणून सगळं त्याच्यावर ढकललं. त्याची आई रोज येऊन भिंतीशी बसायची. तिला एवढंच कळायला हवं होतं: लेक झोपला होता, की ब्रेक लागला नाही? डेपोचा मिस्त्री माझ्यावर बसला, काठावरच, आणि म्हणाला, "आठवत नाही."

पुढे चौकशीला नव्या अध्यक्षबाई आल्या. मंचावरून खाली उतरून म्हणाल्या, "शिक्षेचं कोर्ट बघेल. इथे ज्यांचं नुकसान झालं ते विचारतील, ज्यांना ठाऊक आहे ते सांगतील. सगळ्या खुर्च्या गोल मांडा."

मी कशी हलणार? बोल्ट गंजलेले. शिपायाने जोर लावला, पण मी ढिम्म. शेवटी मिस्त्रीच उठला. "सरका, हे माझं काम." गुडघे टेकून, तेल सोडून, पाना लावून त्याने एकेक नट सोडवला, बोटाने चाचपून बघितला.

आई म्हणाली, "एवढ्या निगुतीने माझ्या लेकाची गाडी बघितली असतीस, बाबा!"

पाना थांबला. मान खालीच. "बघितली होती, मावशी. ब्रेक धरत नव्हता. तो नको म्हणत होता. मीच म्हटलं, एक फेरी मार, मग बघू."

आईने माझ्याकडे बोट दाखवलं.

"जमिनीला काय सांगतोस? वर बस. सगळ्यांना सांग."

त्याने मला गोलात आणून ठेवलं. तो बसला, पाठ टेकून, आणि त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. कुबडीवाली प्रवासी बाई त्याच्यावर भडकून ओरडली. त्याने ऐकून घेतलं. कुणीही उठून गेलं नाही.

"माफीचं मला विचारू नकोस," आई म्हणाली. "नातीला शाळेत 'झोपाळूची पोर' म्हणून चिडवतात. उद्या घरी ये. तिला तूच सांग."

"येतो, मावशी."

आता माझं पॉलिश उडालंय, पण ऐट विचारू नका! जिथे गोल बसायचं तिथे मला उचलून नेतात. कधी सोसणारा बसतो, कधी चुकलेला. दोघांचा भार मी सारखाच पेलते. तुमच्याकडे काही बिनसलं तर मलाही न्या. फक्त मध्यभागी एकटी ठेवू नका. शेजारी दुसरी खुर्ची असू द्या.