पेंटरकाकांची सात पायऱ्यांची शिडी

मित्रांनो, शिडीची गोष्ट खालच्या पायरीपासूनच सुरू करावी लागते. मधूनच सुरू केली तर सांगणाराही पडतो आणि ऐकणाराही. मी सागवानी लाकडाची, सात पायऱ्यांची, उघडमीट करता येणारी शिडी. वयाने आता बरीच जुनी झाले आहे, पण कान अजून तिखट आहेत आणि बिजागऱ्या बोलक्या.

मला एका सुताराने घडवलं. तो बोलायचा कमी आणि मोजायचा फार. प्रत्येक पायरी बसवण्याआधी तो तीनदा माप घ्यायचा आणि तरीही डोकं खाजवायचा. मी तयार झाले त्या दिवशी तो माझ्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसला आणि तिथेच बसून कपभर चहा प्यायला. कप रिकामा झाल्यावर खाली उतरला आणि म्हणाला, "हं. चालेल." त्याच्या तोंडून याहून मोठं कौतुक कोणी ऐकलेलं नव्हतं.

मला घरी नेलं पेंटरकाकांनी. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पाटी पत्र्याची असली तर काम घरीच चाले. काका अक्षरांच्या कडा आखायचे आणि काकू आत रंग भरायच्या. काम भिंतीवर असलं की मला खांद्यावर घेऊन निघायचे. मग काका वर आणि काकू खाली, मला दोन्ही हातांनी धरून. काका एकदा रंगात आले की तासन्‌तास उतरत नसत. काकू मान वर करून सांगायच्या, "अहो, वेलांटी जरा लठ्ठ झाली." काका वरून म्हणायचे, "खात्यापित्या घरची आहे ती." पण वेलांटी बारीक करायचे.

लोक म्हणायचे, पेंटरकाकांचं अक्षर म्हणजे मोत्याचा दाणा. माझं आणि काकूंचं नाव कोणी घेत नसे. आम्हा दोघींना त्याचं काही वाटत नसे. निदान मला तरी.

अशी तीस-पस्तीस वर्षं गेली. मग छापील पाट्यांचे दिवस आले. सकाळी सांगा, दुपारी घेऊन जा. कामं आटली. काकांचे ब्रश डब्यात गेले आणि मी घराच्या मागच्या भिंतीला टेकले. कधी माझ्यावर पायपुसणी वाळत घातली जायची. एका वर्षी घेवड्याचा वेल मला विचारल्याशिवाय पाचव्या पायरीपर्यंत चढला. पुष्कळ दिवसांनी कोणीतरी चढत होतं, तेवढंच बरं वाटलं.

काका-काकूंची मुलगी, ताई, हाडांच्या दवाखान्यात नर्स होती. शिडीवरून पडलेली माणसं ती रोज बघायची. त्यामुळे पोलिसाने चोराकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघायची. एकदा तिने दिवे बदलायला तीन पायऱ्यांची ॲल्युमिनियमची शिडी आणली आणि काकांना बजावलं, "बाबा, यापुढे त्या म्हातारीला हात लावायचा नाही. पुढच्या रविवारी मी तिला भंगारात देणार आहे."

काकांनी मान डोलावली. मित्रांनो, त्या आठवड्यात मी पाऊस पडला तरी फुगले नाही, इतकी धसक्याने आक्रसले होते.

शुक्रवारी दारात एक बाई आल्या. त्या प्राण्यांच्या डॉक्टर. मागच्याच गल्लीत त्यांचा नवा दवाखाना रविवारी सकाळी उघडायचा होता. त्या म्हणाल्या, "काका, मी लहानपणी शाळेपेक्षा तुमच्या पाट्या वाचून वाचायला शिकले. माझ्या दवाखान्याचं नाव तुम्हीच रंगवा. आणि खाली लिहा, 'न घाबरता आत या'."

"पण हे वाचणार कोण? कुत्री?" काकूंनी विचारलं.

"त्यांचे मालक. तेच जास्त घाबरतात."

काका हसले आणि हो म्हणून बसले. डॉक्टरबाई गेल्यावर काकूंनी काकांकडे रोखून पाहिलं. काका म्हणाले, "ताईला कशाला सांगायचं? एवढंसं तर काम आहे."

शनिवारी सकाळी माझ्या अंगावरचा वाळलेला वेल सोडवून, मला पुसून दोघं निघाले. काकांनी भिंतीवर खडूने अक्षरं आखली. खालची ओळ उभ्या उभ्या आणि वरची लांब काठीला खडू बांधून. मग ब्रश घेऊन ते चढू लागले. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. माणूस तोंडाने काहीही म्हणो, त्याची टाच मला खरं सांगते. चौथ्या पायरीवर काकांच्या दोन्ही टाचा थरथरू लागल्या. त्यांनी मला घट्ट कवटाळलं आणि डोळे मिटून घेतले.

"काय झालं हो?"

"काही नाही. जरा थांबलोय."

"थांबायचंच असेल तर खाली खुर्ची आहे. उतरा. एक पाय खाली... हां. आता दुसरा."

काका उतरले, खुर्चीवर बसले आणि हातातल्या ब्रशकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या पोरीला जाऊन सांगतो, जमणार नाही म्हणून. छापील लावून घे म्हणावं." त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

काकूंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि काकांच्या हातातून ब्रश घेतला.

"अगं, हे काय?"

"अक्षरं तुम्ही आखलीत. रंग आजवर कोणी भरला?"

"ते घरी, जमिनीवर बसून!"

"भिंत म्हणजे उभी पाटीच की. या, धरा हिला."

इतकी वर्षं काकूंचे तळहात मला माहीत होते. पाय मात्र त्या दिवशी पहिल्यांदा भेटले. हलके होते, सावध होते आणि थांबत नव्हते. काका मला कसंबसं धरून उभे होते. वरून सूचना आली, "असं नाही. एक पाय खालच्या पायरीवर दाबून ठेवा. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा."

काका बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "काय गं, तू खाली उभी असताना रोज अशीच घाबरायचीस?"

"रोज नाही. पहिली वीस वर्षं. नंतर सवय झाली."

"भीती गेली?"

"छे! घाबरायची सवय झाली."

सहाव्या पायरीवर पोहोचल्यावर काकू ब्रश हातात धरून एकदम स्तब्ध झाल्या. "अहो, इथून तळं दिसतं! आणि आपली गच्चीसुद्धा!"

"हो. कुठल्याही भिंतीवर उंच चढलं की काही ना काही दिसतंच."

"मग इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत ते?"

काकांनी मला आणखी घट्ट धरलं.

तेवढ्यात माझी डावी बिजागरी ढिली पडू लागली. तिचा एक स्क्रू पावसापाण्यात गंजला होता. मला बोलता येत नाही, म्हणून जीव खाऊन कुरकुरले. काकांच्या कानाला माझी कुरकुर ओळखीची. ते ओरडले, "हलू नकोस!" आणि खिशातला दोरीचा गुंडाळा काढून त्यांनी माझे पुढचे-मागचे पाय एकमेकांना करकचून बांधले.

आणि नेमकी तेव्हाच ताई आली. घरी कोणी नाही, मागे शिडी नाही, हे पाहून ती शेजारणीला विचारून धावतच निघाली होती. बाबा वर असतील या भीतीने येते तर बाबा खाली! तिने सुटकेचा श्वास टाकला, मग वर पाहिलं.

"आई!"

"ओरडू नकोस, मात्रा हलेल."

ताईने पिशवी खाली टाकली आणि माझी दुसरी बाजू धरली. दुपारपर्यंत बापलेक दोघं मला धरून होते आणि खालून एकसारख्या सूचना देत होते. काकूंनी त्यातल्या सोयीच्या तेवढ्या ऐकल्या. 'या'चा काना किंचित कलला. काका म्हणाले, "राहू दे. दार उघडून बोलावल्यासारखा दिसतोय."

रविवारी डॉक्टरबाई पाटीखाली उभ्या राहून कितीतरी वेळ बघत होत्या. पहिला पेशंट एक बोकड होता. तो ती सूचना न वाचताच आत गेला. त्याच्या मालकाने मात्र ती मोठ्याने दोनदा वाचली.

त्याच रविवारी ताईने मला रिक्षाच्या टपावर बांधलं. माझ्या पायऱ्यांत धस्स झालं. पण रिक्षा भंगारवाल्याकडे वळली नाही. ती एका सुतारणीच्या दुकानापाशी थांबली. त्या सुतारणीने माझ्या दोन पायऱ्या बदलल्या, नव्या बिजागऱ्या बसवल्या, पायांत रबरी बूट घातले. तेल पाजताना म्हणाली, "लाकूड अजून ठणठणीत आहे. नुसतं टाकून ठेवलं होतं तुम्ही हिला." ताई खाली मान घालून ऐकत होती.

आता आम्हाला महिन्यातून दोन-तीन कामं येतात. लोक त्यांना काकूंच्या पाट्या म्हणतात. काका अक्षरं आखतात, खुर्चीवर न बसता मला धरून उभे राहतात आणि काकांचे टोमणे आता खालून वर जातात.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या जुन्या वस्तूंच्या खिळ्या-बिजागऱ्यांकडे अधूनमधून बघत जा. त्यांना उन्हापावसात टाकून देऊ नका. कोणी वर चढत असेल, तर हातातलं काम सोडून शिडी धरायला या. आणि तुमच्या घरात वर्षानुवर्षं शिडी धरून उभं असलेलं कोणी असेल, तर एकदा त्यांना म्हणा, "आज तुम्ही चढा, मी धरतो." मग मान वर करून बघत राहा. सुरुवातीला भीती वाटेल. वाटू द्या.