पान दोनशे अकरा

मित्रांनो, मी एक जुना, संदर्भ सांभाळणारा प्रोग्रॅम आहे. प्रयोगशाळेतल्या खिडकीजवळच्या संगणकात राहतो आणि कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही.

माझं काम सोपं आहे. प्रबंध लिहिणाऱ्यांना कुठली गोष्ट कुठल्या लेखातून घेतली ते सांगावं लागतं. लेखकाचं नाव, वर्ष, पानं मी जपून ठेवतो आणि कळ दाबली की शेवटची यादी लावून देतो. पूर्वी ही यादी हाताने करताना लोक रडकुंडीला यायचे. त्यामुळे मी नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! पुढे लोक लेख न उघडताच माझ्यात कोंबू लागले. कोण वाचतो आणि कोण नुसता आव आणतो, हे मला बरोबर कळतं हं!

मधमाश्यांवर प्रबंध लिहिणाऱ्या एक बाई इथे होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांच्या मार्गदर्शक सरांनी माझ्यातच साठवलेली आपली जुनी यादी त्यांना दिली आणि त्यांनी ती आपल्या नावाने उतरवून घेतली. त्यातली एक नोंद मला पहिल्या दिवसापासून खुपत होती. फवारणीच्या एका औषधाने मधमाश्यांना काही होत नाही, असं सांगणारा लेख. पान दोनशे अकरा ते दोनशे वीस. सोबत लेखाची प्रत नाही, नोंद कुणीतरी हाताने टाइप केलेली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

ताईंचा चौथा अध्याय त्याच लेखावर उभा होता. त्यांच्या स्वतःच्या पेट्यांतल्या माश्या मात्र त्या औषधाने पटापट मरत होत्या. "माझंच काहीतरी चुकतंय," असं म्हणून त्या ते आकडे बाजूला ठेवत. फार वाईट वाटायचं मला.

प्रबंध द्यायला चार दिवस उरले, तेव्हा प्रत जोडावी म्हणून त्यांनी लेख शोधला. मिळेना. सर म्हणाले, "अगं, आता कशाला नसती उठाठेव? सगळेच देतात तो लेख."

ताईंनाही आता शंका आली. त्यांनी ग्रंथपाल काकांना गाठलं. तो लेख ज्या नियतकालिकात छापल्याचं नोंदीत होतं, त्याचा त्या वर्षाचा बांधीव खंड काकांनी धूळ झटकून आणला आणि शेवटचं पान उघडलं.

"ताई, हा एकशे चौऱ्याऐंशीवर संपतो. दोनशे अकरावं पान आणू कुठून?"

खंड घेऊन ताई सरांसमोर उभ्या राहिल्या. "सर, तुम्ही वाचला होतात?"

सरांनी चष्मा काढला. "नाही गं. मी माझ्या सरांच्या यादीतून उचलला. त्यांनी कुठून घेतला, देव जाणे."

"म्हणजे माझं काहीच चुकलं नव्हतं," ताई म्हणाल्या. "माश्या खरंच मरत होत्या."

प्रबंध एक वर्ष लांबला. ताईंनी अध्याय पुन्हा लिहिला, बाजूला ठेवलेले आकडे त्यात घातले. सरांनीही पूर्वी त्याच नोंदीच्या आधारावर एक लेख लिहिला होता; त्यातली चूक त्यांनी छापून कळवली.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर माझ्यातला प्रत्येक लेख आधी स्वतः उघडून वाचा. इतरांवर संशय घेणारा मी, पण ती खोटी नोंद सरांच्या आणि ताईंच्या यादीत दर वेळी मीच नीटनेटकी लावून दिली होती.