कुंपणाबाहेरचं पाणी

मी पाण्याचा कूलर बोलतोय. आखातातल्या रुवैस गावी, तेल कंपनीच्या वसाहतीत एका बंगल्याच्या कुंपणाला पाठ लावून मी उभा असतो. स्टीलचं अंग, तीन नळ आणि पोटात गार पाण्याची टाकी, एवढाच माझा संसार. हे सगळं सांगायचं कधीपासून मनात होतं, पण लाज वाटत होती म्हणून गप्प होतो.

माझा जन्म शारजातल्या एका वर्कशॉपमध्ये झाला. पत्रा कापणारे, वेल्डिंग करणारे, नळ बसवणारे अशा कितीतरी हातांनी मला घडवलं. आम्ही भावंडं तयार होऊन ओळीने उभी राहायचो आणि एकेक जण आपापल्या वाटेने निघून जायचा. कुणी मशिदीच्या दारात गेला, कुणी शाळेत, कुणी कामगारांच्या कॅम्पमध्ये. मला न्यायला आले विजयकुमार आणि छाया.

विजयकुमार रिफायनरीत इंजिनिअर. मूळचे कोल्हापूरचे. त्यांचे वडील, नाना, शिरोलीच्या एका फाउंड्रीत आयुष्यभर भट्टीपुढे उभे राहिले आणि मुलाला शिकवलं. नाना गेले तेव्हा विमान मिळून घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. शेवटचं पाणीसुद्धा मुलाच्या हातून मिळालं नाही, ही बोच विजयकुमारांच्या मनात राहिली होती.

"इथे लोक घराबाहेर सबील ठेवतात, बघितलंत ना?" छाया त्यांना म्हणाली होती. "आपली पाणपोईच ती. नानांच्या नावाने आपण एक ठेवू या."

दुकानदाराशी "हबीबी, लास्ट बोलो" करत, दिरहमचे रुपये पुटपुटत विजयकुमारांनी मला घेतलं. वसाहतीच्या ऑफिसातून परवानगी आणली. मला भिंतीबाहेर बसवलं आणि माझी वायर आणि पाण्याचा पाइप भिंतीच्या भोकातून अंगणात नेला. स्विच आत, मी बाहेर. अंगणातलं बोलणं त्या भोकातून मला स्पष्ट ऐकू येतं, थोडंफार दिसतंही. त्यामुळे मी बाहेरचा असूनही घरातला झालो.

उद्घाटनाला मराठी मंडळाची माणसं आली. छायाने मला हार घातला, कुंकू लावलं. पहिला पेला भरून तिने कुणाला द्यावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं, तर समोरच्या फुटपाथवर काही कामगार फरशीचे ब्लॉक बसवत होते. त्यातल्या एका पांढऱ्या दाढीवाल्याला तिने हाक मारली. तो हात पुसत आला, खाली बसला आणि एका दमात पेला रिकामा केला.

"अल्लाह आप का घर आबाद रखे," तो म्हणाला.

त्याचं नाव हमदुल्ला. पेशावरकडचा पठाण, त्या टोळीचा म्होरक्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. छायाचे डोळे भरून आले. माझी छातीही अभिमानाने फुगली. आपण चांगल्या घरी पडलो, असं मला वाटलं.

आणि खरंच, सुरुवातीला छाया माझी फार काळजी घ्यायची. नळ पुसायची, पेले घासायची, रमजानमध्ये माझ्या डोक्यावर खजुरांची परडी ठेवायची. तिची मुलगी केया शाळेतून आली की विचारायची, "Mama, how many people came today?" आणि छाया हसून सांगायची, "खूप जण गं."

उन्हाळा वाढला तशी गर्दी वाढली. इथे ऐन उन्हाळ्यात भर दुपारी बाहेरचं काम बंद ठेवायचा नियम आहे. त्या वेळात कामगारांनी बसायचं कुठे? माझ्या शेजारी गाफचं एक झाड आहे. त्याच्या सावलीत ते पुठ्ठे पसरायचे, जड बूट काढून ठेवायचे, डबे उघडायचे. कुणी डोक्यावर ओला रुमाल टाकून झोपायचा. हमदुल्ला आणि त्याचा जोडीदार गुलशेर भिंतीला टेकून गावाकडे फोन लावायचे. गुलशेर चाळिशीचा, अबोल. पाणी प्यायला की नळावरून एकदा हात फिरवायचा, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

त्यांच्यापैकी कुणी कधी मान वर करून बंगल्याकडे पाहिलं नाही. हे मी शपथेवर सांगतो, मी चोवीस तास तिथेच होतो.

पण एक दिवस मंडळातली अस्मिता छायाकडे आली. गाडीतून उतरली, पुठ्ठ्यांमधून वाट काढत फाटकात शिरली आणि अंगणातच म्हणाली, "अगं, तुझ्या गेटवर लेबर कॅम्पच भरलाय की! वास काय येतोय. आणि केया मोठी होतेय आता. जरा विचार कर."

"पाण्याला येतात गं बिचारे," छाया म्हणाली.

"पाणी पिऊन जाऊ देत ना. बसतात कशाला? सगळी लेन बोलतेय."

शब्द छायाच्या मनात जाऊन बसले. त्यानंतर तिला वास यायला लागला. बुटांची रांग दिसायला लागली. नळाखालचा चिखल खुपायला लागला. केयाच्या वाढदिवसाला तिच्या मैत्रिणी आल्या, तेव्हा एका मुलीने नाक दाबलं आणि छाया कानापर्यंत लाल झाली.

तिने काय करायला हवं होतं? बाहेर येऊन सांगता आलं असतं की दादा, जरा पलीकडे बसा. मला काढूनही टाकता आलं असतं. पण बाहेर येऊन बोलायला तिची जीभ रेटेना, आणि मला काढलं तर मंडळात काय सांगणार? नानांच्या नावाची पाणपोई होती ती.

एका सकाळी विजयकुमार कामावर गेल्यावर ती अंगणात आली. स्विचपाशी थोडा वेळ उभी राहिली. मग तिने बटण बंद केलं.

माझ्या पोटातली घरघर थांबली.

नळ चालूच होते. पाणी येतच होतं. पण ते गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी. जुलैमधलं इथलं टाकीचं पाणी तुम्हाला माहीत नसेल. त्यात हात धरवत नाही. दुपारी पहिल्यांदा गुलशेर आला, त्याने पेला भरला, तोंडाला लावला आणि चटका बसून झटकन बाजूला केला. मग फुंकर मारून मारून प्यायला, चहा प्यावा तसा.

मी स्टीलचा आहे, मला घाम येत नाही, मान खाली घालता येत नाही. पण त्या दिवशी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. तहानलेल्याला गार करायचं हा माझा धर्म. आणि मी त्याला भाजत होतो.

छाया पडद्याआडून पाहत होती. तिला वाटलं होतं की दोन दिवसांत ते आपोआप येईनासे होतील, कुणाला काही बोलावं लागणार नाही. पण ते येत राहिले, कारण जवळपास दुसरं पाणीच नव्हतं. एके दुपारी हमदुल्लाने फाटकाची बेल वाजवली.

"मॅडम, मशीन खराब हो गया," तो दोन पावलं मागे सरून, अदबीने म्हणाला. "हम लोग जास्ती चलाया, इसलिए. माफ करना."

छायाने फाटक अर्धंच उघडलं होतं. "हां... खराब है. बनवाना है," ती म्हणाली. "इन्शाल्ला, मेकॅनिक आएगा."

"कोई जल्दी नहीं मॅडम."

ती आत गेली आणि अंगणातल्या पायरीवर बसली. स्विच तिच्या हाताच्या अंतरावर होता. मी वाट पाहत होतो. तेवढ्यात तिचा फोन वाजला, अस्मिताचाच असावा, आणि ती बोलत बोलत घरात गेली.

त्याच आठवड्यात ते घडलं. दुपारची सुट्टी व्हायला अजून वेळ होता. हवा भट्टीसारखी पेटली होती. गुलशेर ब्लॉक उचलता उचलता थांबला, माझ्याकडे यायला निघाला. त्याचे पाय सरळ पडत नव्हते. माझ्यापर्यंत पोचला, नळ उघडला, ओंजळ पुढे केली आणि ते कढत पाणी हातावर पडताच त्याने हात मागे घेतला. मग तो माझ्या अंगावर टेकला आणि घसरत घसरत खाली गेला. त्याचं अंग माझ्या तापलेल्या पत्र्यापेक्षाही गरम होतं.

हमदुल्ला ओरडत धावला. छाया दार उघडून बाहेर आली, पायात चप्पलही नव्हती. तिने घरातून बर्फ आणला, फ्रिजमधल्या बाटल्या आणल्या, गुलशेरच्या डोक्यावर, मानेवर ओतल्या. ॲम्ब्युलन्स आली. बरोबर वसाहतीचा सुरक्षा अधिकारीही आला. त्याने माझा नळ उघडून पाहिला आणि बोट झटकलं.

"ये पानी गरम क्यों है? कूलर बंद है क्या?"

हमदुल्लाच पुढे झाला.

"साब, मशीन खराब है, बहुत दिन से. मॅडम का गलती नहीं. मॅडम बहुत अच्छा है. ये मॅडम नहीं होता तो हम लोग कब का मर जाता."

छाया तशीच उभी राहिली. माणूस तोंडावर थुंकला असता तरी तिला इतकं लागलं नसतं. फाटकात केया उभी होती. सुट्टीचे दिवस होते, ती घरीच असायची. आईने स्विच बंद केला तेव्हा तिने खिडकीतून पाहिलं होतं.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर ती हळूच म्हणाली, "Mama, it's not broken. You switched it off."

छाया आत गेली आणि तिने बटण दाबलं. माझ्या पोटात घरघर सुरू झाली. मला तो आवाज ऐकवेना.

संध्याकाळी अंगणात तिने विजयकुमारांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नानांच्या नावावर, छाया? ते भट्टीवरून घरी यायचे ना, तेव्हा दारातच माठ पालथा करायचे घशात." मग खालच्या आवाजात म्हणाले, "हे बाहेर कुठे बोलू नकोस मात्र. ऑफिसात कळलं, मंडळात कळलं, तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आता चालू केलायस ना? खलास. विषय संपला."

छायाने मान हलवली. पण तिचा विषय संपला नव्हता. त्या रात्री ती जेवली नाही, हे मला सकाळी केयाच्या बोलण्यावरून कळलं.

गुलशेर वाचला. पण त्याच्या किडन्यांना मार बसला. असा माणूस ठेकेदाराच्या काय कामाचा? त्याचा व्हिसा रद्द झाला आणि हॉस्पिटलमधून तो सरळ विमानात बसला. हे हमदुल्लाने सांगितलं, माझ्यापाशी पाणी पिताना. छाया त्याची चौकशी करायला बाहेर आली होती.

"चार बेटी है उसका," हमदुल्ला म्हणाला. "अल्लाह मालिक है. मशीन बन गया मॅडम? मेहरबानी."

"मशीन खराब नव्हतं," छाया म्हणाली. मराठीतच बोलून गेली. मग तिने हिंदीत सांगितलं, एकेक शब्द ओढत. "मशीन खराब नहीं था, भाईसाब. मैंने बंद किया था. आप लोग इधर बैठते थे, पड़ोसी बोलते थे... मुझे लगा, आप लोग खुद ही आना बंद करेंगे."

हमदुल्ला तिच्याकडे पाहत राहिला. आजवर त्याने कधी तिच्याकडे सरळ पाहिलं नव्हतं. हातातला पेला त्याने माझ्या डोक्यावर ठेवला. अर्धा भरलेला होता.

"मॅडम, बोल देता," तो शांतपणे म्हणाला. "इधर मत बैठो, बोल देता. हम उधर बैठ जाता. पानी क्यों गरम किया?"

"माफ करा," ती म्हणाली आणि तिने हात जोडले. हमदुल्ला पुठ्ठा उचलून, काखेत मारून चालू लागला. त्या दिवसापासून त्याच्या टोळीतलं कुणी माझ्याकडे आलं नाही. समोरच ते ब्लॉक बसवत होते. कॅम्पातून आणलेल्या, उन्हात तापलेल्या बाटल्यांतलं पाणी पीत होते. माझ्या पोटात गारेगार पाणी होतं आणि झाडाखालची सावली रिकामी होती. फुटपाथ पूर्ण झाला आणि टोळी कुठे दुसरीकडे गेली. अस्मिताने फोन करून सांगितलं म्हणे, की आता लेन कशी छान, स्वच्छ दिसते.

आता मला जरा पोचे आले आहेत, एक नळ ठिबकतो. नवी माणसं येतात. कचरा उचलणारे, बाईकवरून पार्सल आणणारे, बागेचं पाणी सोडणारे. त्यांना काहीच माहीत नाही. छायाने झाडाखाली एक लांब बाकडं टाकून घेतलंय. अस्मिता त्यावरून तिच्याशी बोलेनाशी झाली आहे. विजयकुमार त्या बाकड्याकडे न बघता गाडी लावतात. आणि रोज दुपारी छाया स्वतः बाहेर येऊन माझ्या नळाखाली हात धरते.

परवा पाणी पिऊन एकजण तिला म्हणाला, "आप को बहुत सवाब मिलेगा, बहनजी." सवाब म्हणजे पुण्य. तिने मान खाली घातली. "ठंडा है ना?" एवढंच विचारलं आणि आत गेली. फाटक लावताना तिला कडी सापडेना.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या दाराशी कुणी पाण्याला आलं आणि तुम्हाला ते नको असेल, तर तोंडाने नाही म्हणा. तो वाईट वाटून घेईल, पुढच्या दारी जाईल. पण नळ चालू ठेवून आतून बटण बंद करू नका. तो बिचारा तुमच्या चांगुलपणावर विश्वास ठेवून येत राहतो, आणि आमच्यासारख्यांना त्याच्याकडे बघवत नाही.

बरं, थांबतो आता. कुणीतरी नळाशी वाकलंय.