अलोऱ्याचं मागचं दार

रसिकाने जुनी हार्ड डिस्क जोडली ती आईचे फोटो शोधायला. फोटो काही सापडले नाहीत. सापडलं ते बारा-तेरा वर्षांपूर्वीचं टूलकिट.

तेव्हा ती पुण्यात एका गेम कंपनीत होती. एका गेम कन्सोलवर त्या काळी एक आभासी जग होतं. तिथे हार-जीत नव्हती. जगभरची माणसं आपापलं पात्र घेऊन यायची, चौकात फिरायची, कुणाच्या तरी खोलीत बसून गप्पा मारायची. त्या खोल्या, चौक, बाकडी बनवायचं काम रसिकाच्या टीमकडे होतं. भिंत कुठे, पात्र कुठवर चालेल, कुठल्या पायरीवर बसता येईल, ऊन कुठून येईल, सगळं या टूलकिटमध्ये ठरवायचं.

ते शिकताना तिने सरावासाठी अलोऱ्याच्या कॉलनीतलं आपलं क्वार्टर बांधलं होतं. वडील राजेंद्र कोयना प्रकल्पात फिटर होते, तिचं सगळं बालपण तिथेच गेलेलं. पुढे ते आभासी जग बंद पडलं, टीम पांगली, बाबा निवृत्त होऊन रत्नागिरीला आले, आई गेली. क्वार्टरचं छप्पर खाली बसल्याचं गेल्या वर्षी कुणीतरी सांगितलं होतं. बघायला मात्र दोघंही गेले नव्हते.

टूलकिट कुरकुरत का होईना, चालू झालं. रसिकाने बाबांना हाक मारली.

बाबांनी चष्मा लावला. बाणाची बटणं दाबत पात्र दोनदा भिंतीवर आपटलं आणि मग एकदम म्हणाले, "अगो, हा तर आपला व्हरांडा!"

पात्राला त्यांनी पायरीवर बसवलं. बराच वेळ तसंच बसू दिलं. मग उठवून बाहेरच्या खोलीतून मागच्या दाराशी नेलं. पात्र तिथेच अडलं.

"काय गो, हे दार उघडत का नाही?"

"मागे काही नाहीच बाबा. स्वयंपाकघर बनवलं नव्हतं."

"का?"

"मेमरी संपली. एका जागेला ठरावीकच मिळायची. ही पट्टी लाल झाली की आणखी काही घालता येत नाही."

"आणि तू स्वयंपाकघर वगळलंस."

आवाजात राग नव्हता, तरी रसिकाला ते लागलं. पंचविशीत तिला व्हरांडाच तेवढा दाखवण्याजोगा वाटला होता.

"मग आता काहीतरी काढ," बाबा म्हणाले.

तिने अंगणातली स्कूटर काढून पाहिली. पट्टी जेमतेम हलली. बाबांनी शोकेसकडे बोट दाखवलं. त्यात कॉलनीच्या कबड्डीचे वीस कप होते, एकेक तिने निगुतीने घडवलेला.

"हे काढ."

"बाबा, तुमचे कप आहेत ते!"

"तुझ्या आईला पुसायला लागायचे. म्हणायची, हे पुसण्यापेक्षा मीच कबड्डी खेळले असते तर बरं. काढ तू."

कप गेले आणि पट्टी अर्ध्यावर आली.

तो रविवार आणि पुढचे दोन रविवार बापलेक स्वयंपाकघर बांधत बसले. ओटा, मोरी, पूर्वेची खिडकी. फडताळावरून भांडणही झालं. तिला ते निळं आठवत होतं, त्यांना हिरवं. शेवटी रंग तिच्या म्हणण्याप्रमाणे झाला आणि उंची त्यांच्या; कारण वरचे डबे आईला तेच काढून द्यायचे.

तिसऱ्या रविवारी दार उघडलं. बाबांनी पात्राला आत नेलं, ओट्याशी उभं केलं आणि हात मागे घेतले.

"भांडी कमी पडलीत," थोड्या वेळाने ते म्हणाले. "पण ऊन बरोबर पडलंय."

बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पूर्णगडला फोन लावला, कॉलनीतल्या जुन्या शेजाऱ्याला.

"धोंडू, पुढच्या रविवारी ये. कॉलनी बघायला. नाही रे, अलोऱ्याला नाही, माझ्याकडे घरी! तुझं क्वार्टर पण बांधणाराय पोरगी. आणि वहिनींना आण हो. स्वयंपाकघराचं तुला काही सांगता यायचं नाही."

रसिकाने असलं काही कबूल केलं नव्हतं. तिने मुकाट्याने नवी फाईल उघडली आणि तिला नाव दिलं, 'धोंडूकाका'.