कानवाल्याचा रिपोर्ट

शहराचं पाणी कंपनीला दिलं तेव्हा पंप, टाक्या, पाइप आणि कानवाला एकाच यादीत सह्या होऊन गेले. कानवाला म्हणजे गळती ऐकणारा माणूस. चार फुटी लोखंडी सळई, तिच्या टोकाला पितळेची वाटी. सळई रस्त्यावर टेकवायची, वाटीला कान लावायचा आणि खाली पाणी कुठे वाहतंय ते सांगायचं. एकतीस वर्षांत त्याने खोटा रिपोर्ट दिला नव्हता.

कंपनीने पहिल्याच महिन्यात सार्वजनिक नळ उपटले. कागदावर लिहिलं, सुसूत्रीकरण. लुटीला असलेच शब्द लागतात. शिंप्यांच्या गल्लीतलाही नळ गेला, पण गल्ली काही कोरडी पडेना. नकाशात नसलेली कुठलीतरी लाइन चालू होती.

सकाळी दहाला कंपनीचा साहेब कानवाल्याला घेऊन गल्लीत आला. आवाज नको म्हणून शिवणयंत्रं बंद करायला लावली.

कानवाल्याची थोरली बहीण इथेच राहायची. ती दारातूनच म्हणाली, "या, बंधुराज! घोटभर पाणी देऊ, की तेही मोजून घेणार?"

"ताई, कामावर आहे मी."

"दिसतंय की. आमच्या घशावरच काम काढलंयस."

"बाईंना गप्प करा," साहेब म्हणाला.

"आमच्या वडिलांना जमलं नाही, साहेब," कानवाला म्हणाला.

बहिणीच्या उंबऱ्यासमोर सळई टेकली आणि त्याला स्वच्छ ऐकू आलं. ही लाइन त्याला ठाऊक होती. काविळीच्या साथीत नगरपालिकेने घाईघाईत टाकलेली, म्हणून नकाशावर कधी चढलीच नाही. तो चेहरा कोरा ठेवून गल्लीच्या टोकापर्यंत ऐकत गेला.

बहीण मागोमाग आली. हळूच म्हणाली, "काही नाही म्हणून टाक. कान गेले म्हण. वयच झालंय तुझं."

"लपवलं की चोरी झाली, ताई. आपण चोर आहोत का?"

"आणि नोकरी? दोनच वर्षं राहिलीत."

साहेबाने फॉर्म पुढे केला. त्यात तीन रकाने: गळती, चोरी, निरंक. कानवाल्याने तिन्ही सोडले आणि खाली लिहिलं, 'पाणी आहे. गल्लीचं आहे. जागा सांगणार नाही.' सही केली, तारीख टाकली.

"पगार कंपनीचा खाता ना तुम्ही?"

"ऐकायचा पगार आहे. ऐकलं."

साहेबाने त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं, सळई हिसकावली आणि स्वतः रस्त्यावर गुडघे टेकून वाटीला कान लावला. बराच वेळ लावला. मग उठून, पँट झटकून, खोदणारी माणसं बोलावली. टोकापासून सगळी गल्लीच उकरा म्हणाला.

बहीण पदर खोचून स्वतःच्या दारासमोर बसायला निघाली. कानवाल्याने तिचा दंड धरला.

"तिथे बसलीस तर जागा दाखवल्यासारखंच होईल."

"मग कुठे बसू?"

"सगळ्यांनी बसायचं. सगळीकडे."

ते दारोदार कळायला पाच मिनिटं लागली. शिंप्यांनी यंत्रं रस्त्यावर आणली, म्हाताऱ्यांना खुर्च्यांसकट उचलून आणलं, बायका पाट, उशा, निवडायची भाजी घेऊन आल्या. कुदळीवाले कुदळी टेकून उभे राहिले. साहेब फोनवर पोलीस मागत होता.

कानवाला बसायला जागा शोधत होता. कुठेच नव्हती. शेवटी एका शिंप्याने यंत्र हातभर सरकवलं आणि म्हणाला, "बसा, पण कापडावर पाय नको."