मधल्या भागातला बुरूज

मित्रांनो, मला बघून कुणी हरखून जात नाही, हे आधीच सांगून टाकते. मी एक जुनी तबकडी आहे, आणि तीही एका व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागाची. तलवारी, घोडे, तटबंद्या आणि एक गुप्त हेर, असा आमचा ऐतिहासिक खेळ. आम्ही तिघी बहिणी. थोरलीचं कौतुक, धाकटीचे लाड, आणि मधलीला कोण पुसतो?

माझी तक्रार नाही. आमच्यात काय चांगलं आणि काय वाईट, ते मी जाणून आहे. थोरलीची तलवार चपळ, गोष्ट आटोपशीर. चढायच्या प्रत्येक जागी तांबडं फडकं बांधलेलं, त्यामुळे वाट चुकायची सोय नाही. पण तिच्यातले शिपाई सगळे एका चेहऱ्याचे, जणू एकाच आईची चाळीस लेकरं! धाकटीचा घोडा देखणा आहे. तिच्यात मात्र कुठल्याही भिंतीवर पालीसारखं सरसर चढता येतं, म्हणून भिंतीकडे बघायची गरजच कुणाला पडत नाही. माझं म्हणाल, तर माझ्यातली माणसं फार बोलतात. आणि खेळणाऱ्याला एकशेवीस हरवलेली कबुतरं शोधायला लावायची बुद्धी कुणाला झाली, देव जाणे. त्यात तो घंटेचा बुरूज. तिथे ना फडकं, ना खुंटी, ना खिडकी. बहुतेक सगळे तिथेच अडकतात आणि मला डबीत घालतात.

आमच्या घरची मुलगीही अडकली. आठ दिवस डोकेफोड करून तिने मला कपाटात टाकलं आणि धाकटीला आणलं. वर्षभर मी धूळ खाल्ली. मग चौथा भाग आला. दुकानदार दोन जुन्या तबकड्या घेऊन एक नवी देत होता. साहजिकच पहिला नंबर माझा लागला. मी अजून चालते ना, हे बघायला तिने एका दुपारी मला यंत्रात घातलं, आणि तोच बुरूज पडद्यावर उभा राहिला.

खाटेवर तिचे बाबा होते. ते गवंडी. सात महिन्यांपूर्वी बांधकामाच्या परांचीवरून पडून त्यांचा खुबा मोडला होता. पायाखालची फळी मोडली, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. हाड जुळलं. डॉक्टरांनी जिना चढ-उतार करायला सांगितलं, पण बाबा जिन्याच्या तोंडाशी जाऊन परत फिरायचे. मुकादमाचे निरोप यायचे, त्यांना उत्तर जायचं नाही. "हाड जुळलं, मन जुळायचं राहिलंय," असं आई शेजारणीला सांगायची. ते पुन्हा कामावर जातील का, हे घरात कुणी विचारत नव्हतं, पण प्रत्येकाच्या मनात तेच होतं.

त्या दुपारी त्यांची नजर बुरुजाच्या पायथ्याशी गेली आणि तिथेच राहिली.

"ही भोकं कशाची आहेत, माहीत आहे का?"

"ती नक्षी आहे, बाबा."

"नक्षी कसली डोंबलाची! परांची बांधताना वासे भिंतीत खुपसतात. काम झालं की वासे काढतात, भोकं राहतात. वरची ओळ माणसाच्या उंचीवर असणार. घाल त्यात हात."

मुलीने बटण दाबलं आणि हेर भोकाला धरून लटकला! मित्रांनो, ती वाट माझ्यात पहिल्या दिवसापासून होती. मला घडवणाऱ्यांपैकी कुणीतरी खऱ्या भिंती नीट बघितल्या होत्या. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

तिसऱ्या ओळीनंतर खालचं अंगण लहान दिसू लागलं. बाबांनी डोळे गच्च मिटले.

"बाबा, पुढचं भोक कुठंय? हात सुटेल ना माझा!"

बाबांना दरदरून घाम फुटला होता. 'बंद कर' म्हणाले असते, तरी कुणी काही बोललं नसतं. पण लेक लटकलेली होती. त्यांनी डोळे उघडले.

"डावीकडे. आता वर. घाई करू नकोस."

असं करत करत हेर घंटेपाशी पोचला. मुलगी उड्या मारू लागली. बाबा हसले नाहीत. कठड्यावरून दिसणाऱ्या त्या अंगणाकडे बघत ते म्हणाले, "फळी मोडली नव्हती. मी सगळ्यांना खोटं सांगितलं. परांचीची गाठ मीच मारली होती आणि ओढून बघितली नव्हती. माझ्या मागोमाग दुसरा माणूस चढत होता. तो पडला असता तर?"

आई पातेलं पुसत दारात उभी होती. ती आत येऊन त्यांच्याशेजारी बसली.

"मग हे मुकादमाला सांगा," ती म्हणाली. "आता तुमच्याइतकी गाठ ओढून बघणारा त्याला दुसरा कोण मिळणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कठडा धरून जिना उतरले. मुकादमाने चार शब्द सुनावले, ते त्यांनी ऐकून घेतले. हल्ली कुणीही परांचीवर चढण्याआधी बाबा प्रत्येक गाठ तपासतात. स्वतः अजून पहिल्या फळीच्या वर जात नाहीत.

चौथ्या भागाच्या बदल्यात धाकटी गेली आणि तिच्यासोबत एक मोटारींच्या शर्यतीचा खेळ. मी घरातच राहिले.

मित्रांनो, आम्हाला खुशाल नावं ठेवा, आमच्यात उणिवा असतातच. तबकडी कडेने धरा, डबीत ठेवा, एवढं केलं तरी पुष्कळ. पण चढता आली नाही म्हणून भिंतीला वाईट म्हणू नका. जवळपास खाटेवर कुणी गप्प पडून असेल, तर त्याला वाट विचारा. ती सांगायला त्यालाही डोळे उघडावे लागतात.